लाकडाचे घर आणि रानाचे देणे

लंडन शहराने एकदा लाकडाला आपल्या वेशीबाहेर घालवले होते. २ सप्टेंबर १६६६ च्या पहाटे पुडिंग लेनमधील एका बेकरीत लागलेली आग चार दिवस पसरत राहिली आणि तिने तेरा हजारांहून अधिक घरे व ८७ चर्चेस गिळंकृत केली. त्या राखेतून शहर पुन्हा उभारताना १६६७ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने कायदाच केला, की यापुढे लंडनमधील घरांच्या बाहेरील भिंती विटांच्या वा दगडांच्याच असल्या पाहिजेत. दाट वस्तीच्या शहरात लाकडी घर म्हणजे आगीला दिलेले आमंत्रण, हा समज त्या कायद्याने पुढील साडेतीन शतके पक्का करून ठेवला. त्याच लंडनमध्ये, हॅकनी विभागातील मरे ग्रोव्ह या रस्त्यावर, २००९ साली नऊ मजल्यांची एक इमारत उभी राहिली. तिचा तळमजला तेवढा काँक्रीटचा. वरच्या आठही मजल्यांच्या भिंती, जमिनी, जिने, इतकेच काय, पण लिफ्टभोवतीच्या भिंतीसुद्धा लाकडाच्या आहेत. तीत २९ सदनिका असून सामान्य कुटुंबे तेथे नांदत आहेत.

इंग्रज स्थापत्यकारांची ही एक हौस असती, तर तिची दखल या स्तंभात घेण्याचे कारण नव्हते. परंतु मरे ग्रोव्हनंतर कॅनडा, नॉर्वे, स्वीडन, अमेरिका अशा अनेक देशांत मध्यम उंचीची आणि त्याहूनही उंच लाकडी घरे उभी राहिली. आणि ज्या लंडनने वाट दाखवली, त्याच लंडनमध्ये दहा वर्षांच्या आत ती वाट जवळजवळ बंद झाली. या चढउतारात तीन प्रश्न दडलेले आहेत. शहरातील सामान्य माणसाला घर कशाचे बांधून द्यायचे? त्या घरात झोपणाऱ्याच्या जिवाची हमी कोणी घ्यायची? आणि त्या घरासाठी जे झाड पडले, त्याचे देणे कोणी फेडायचे? पहिला प्रश्न अभियंत्याचा आहे आणि त्याचे उत्तर बव्हंशी मिळालेले आहे. उरलेले दोन प्रश्न राज्यकर्त्यांचे व समाजाचे आहेत. त्यांची उत्तरे देण्यास मात्र कोणी सहजासहजी पुढे येत नाही.

हे लाकूड निराळे

लाकडी घर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे खांब, तुळया, वासे आणि त्यांवर ठोकलेल्या फळ्या येतात. येथे बोलायचे ते लाकूड निराळे. स्प्रूस नावाचा, पाइन व देवदार यांच्या कुळातला, थंड प्रदेशातील वृक्ष कापून त्याच्या साध्या फळ्या काढतात. त्या भट्टीत वाळवून त्यांतील ओलावा सुमारे बारा टक्क्यांवर आणतात. त्यातल्या गाठी व दोष कापून टाकतात, आणि दोन हातांची बोटे एकमेकांत गुंतवावीत तशा दातेरी सांध्यांनी त्या लांब करतात. मग फळ्यांचा एक थर उभा, त्यावर दुसरा आडवा, त्यावर पुन्हा उभा, असे तीन, पाच वा सात थर डिंकासारख्या पक्क्या चिकटद्रव्याने प्रचंड दाबाखाली जोडतात. यातून भिंतीएवढे सलग पॅनेल तयार होते. तंत्रज्ञ त्याला ‘क्रॉस लॅमिनेटेड टिंबर’ म्हणतात. आपण त्याला थरजोड लाकूड म्हणू. लाकूड रेषांच्या दिशेने बळकट आणि आडव्या दिशेने कमकुवत असते, पावसात फुगते, उन्हात आकसते, हे प्रत्येक सुतार जाणतो. उभ्याआडव्या थरांमुळे एका थराचे वैगुण्य दुसरा थर भरून काढतो. युक्ती इतकी साधी, की ती आधी का सुचली नाही, असे वाटावे.

ही युक्ती १९९० च्या दशकात जर्मन भाषिक देशांत, विशेषतः ऑस्ट्रियात, आकाराला आली. ग्राझ येथील तंत्रविद्यापीठातील गेऱ्हार्ड शिकहोफर यांनी तेथील करवत गिरण्यांच्या सहकार्याने तिचा शास्त्रशुद्ध पाया घातला. या कार्याबद्दल त्यांना २०१९ साली स्वीडनचे मार्कुस वालेनबेर्ग पारितोषिक देण्यात आले. गिरण्यांना हवे होते ते आपल्या हलक्या, बारीक फळ्यांना बरा भाव. जगाला मिळाली ती भिंत. मरे ग्रोव्हची पॅनेले ऑस्ट्रियातच कापली गेली. दारेखिडक्यांच्या जागा कारखान्यातच काढलेली ती पॅनेले मालमोटारींतून लंडनला आली आणि चार सुतारांनी, आठवड्यातून तीन दिवस काम करून, अवघ्या २७ दिवसांत आठ मजल्यांचा सांगाडा उभा केला. ना शेजाऱ्यांच्या कानठळ्या बसवणारी यंत्रे, ना स्लॅब वाळण्याची आठवडेच्या आठवडे प्रतीक्षा.

त्याच हॅकनीत २०१७ मध्ये ‘डॉल्स्टन वर्क्स’ ही १२१ सदनिकांची, दहा मजल्यांपर्यंत चढत जाणारी इमारत पूर्ण झाली. तिच्यात साडेतीन हजार घनमीटरहून अधिक थरजोड लाकूड आहे, आणि तिचे वजन तेवढ्याच काँक्रीट इमारतीच्या सुमारे एक-पंचमांश आहे. त्या जागेखालून बोगद्यांचे मार्ग जात असल्याने जड इमारत तेथे फार उंच नेता आली नसती. हलकेपणामुळे त्याच जमिनीवर अधिक कुटुंबांना छप्पर मिळाले. जमिनीच्या चढ्या भावाने गांजलेल्या शहरात हा लाभ सामान्य नव्हे.

सिमेंटकडेही एकदा पाहिले पाहिजे. सिमेंट तयार करताना चुनखडी भाजावी लागते. तिला भाजण्यासाठी इंधन जळते ते वेगळेच, पण खुद्द चुनखडीच्या पोटातला कार्बन डायॉक्साइडही बाहेर पडतो. जगातील एकूण कार्बन डायॉक्साइडपैकी सात-आठ टक्के एकट्या सिमेंटचे असते. झाडाची रीत उलटी. वाढताना ते हवेतला कार्बन पोटात घेते, आणि स्प्रूसच्या एका घनमीटर लाकडात सुमारे पाऊण टन कार्बन डायॉक्साइड इतका कार्बन बंदिस्त असतो. ते लाकूड कुजले वा जळले नाही, तोवर तो तेथेच राहतो. तेव्हा घर हीच एक कोठी होते, असा या पद्धतीच्या पुरस्कर्त्यांचा दावा आहे. तो खरा आहे. पण अर्धाच खरा आहे. त्याच्या दुसऱ्या अर्ध्याकडे आम्ही पुढे वळणार आहोत.

आग आणि कायदा

त्याआधी आगीचा विचार करणे प्राप्त आहे. कारण १६६६ ची भीती अडाणी नव्हती. बारीक काटक्या भडकतात, पण जाडजूड ओंडका चुलीत रात्रभर धुमसतो, हा अनुभव आपल्या घरोघरच्या बायांना आहे. थरजोड लाकडाचे अग्निशास्त्र याच अनुभवावर उभे आहे. जाड लाकूड पेटले की त्यावर कोळशाचा थर धरतो, आणि तो थरच आतल्या लाकडाला उष्णतेपासून झाकतो. मऊ लाकूड मिनिटाला सुमारे ०.६५ मिलिमीटर, म्हणजे तासाभरात चार सेंटिमीटरच्या आसपास जळत जाते. हा वेग ठाऊक असल्याने तासदोन तास टिकण्यास किती जाडी हवी, याचे गणित मांडता येते. उलट उघडे पोलाद ६०० अंश सेल्सिअसला आपले निम्म्याहून अधिक बळ गमावून वाकते.

हे गणित खरे. पण त्याला अटी आहेत. काही जुनी चिकटद्रव्ये उष्णतेने सैल पडतात आणि जळका थर गळून ताजे लाकूड पुन्हा आगीच्या तोंडी जाते, असे चाचण्यांत आढळून आले. म्हणूनच उत्तर अमेरिकेतील मानक २०१८ मध्ये सुधारून उष्णतेला टिकणारी चिकटद्रव्ये सक्तीची करण्यात आली. खोलीच्या सर्वच भिंती उघड्या लाकडाच्या ठेवल्या, तर सामानासोबत घरही इंधन होते. त्यामुळे जिप्समच्या तक्त्यांचे आच्छादन आणि आपोआप पाणी फवारणारी नळयोजना यांवाचून उंच लाकडी घराचा विचारही करू नये. हे सांगण्यात लाकडाची निंदा नाही. ज्या वस्तूचे दोष मोजता येतात, तिच्यावरच विसंबता येते.

नेमक्या याच टप्प्यावर लंडनवर आघात झाला. १४ जून २०१७ च्या रात्री उत्तर केन्सिंग्टनमधील ‘ग्रेनफेल टॉवर’ या २४ मजली इमारतीला आग लागली आणि ७२ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत बहुसंख्य कष्टकरी आणि परदेशांतून येऊन तेथे वसलेली कुटुंबे होती. ती इमारत लाकडाची नव्हती; १९७४ सालची काँक्रीटची होती. काही काळापूर्वी नूतनीकरणाच्या नावाखाली तिच्या अंगावर ॲल्युमिनियमचे तक्ते चढवण्यात आले होते, आणि त्यांच्या पोटात पॉलिथिलिनचे प्लास्टिक होते. चौथ्या मजल्यावरील स्वयंपाकघरातल्या एका शीतकपाटापासून निघालेली ज्वाळा त्या आवरणावरून चढत माथ्यापर्यंत गेली.

लोकक्षोभ उसळला, आणि तो रास्त होता. डिसेंबर २०१८ मध्ये सरकारने नियम केला, की १८ मीटरहून उंच निवासी इमारतींच्या बाहेरील भिंतींत ज्वलनशील द्रव्य असता कामा नये. या नियमाने घातक प्लास्टिक गेले. पण त्याच फटकाऱ्यात थरजोड लाकडाच्या बाह्य भिंतीही गेल्या. ज्याच्या जळण्याचे गणित मांडता येते ते लाकूड आणि ज्याने ७२ जीव घेतले ते आवरण, दोन्ही कायद्याच्या एकाच पिंजऱ्यात उभी राहिली. विमा कंपन्यांनीही हात आखडते घेतले. मरे ग्रोव्हसारखी इमारत जशीच्या तशी आज तेथे उभारता येणार नाही.

या नियमाबद्दल सरकारला दोष द्यावा काय? शोकाच्या घटकेला कायदा थोडा अधिक कठोर झाला, तर आम्ही त्याला दोष देणार नाही. ज्यांची माणसे गेली, त्यांना लाकूड आणि प्लास्टिक यांतील सूक्ष्म भेद ऐकवण्याची ती वेळ नव्हती. परंतु सर मार्टिन मूर-बिक यांच्या चौकशी अहवालाचा अंतिम भाग ४ सप्टेंबर २०२४ रोजी प्रसिद्ध झाला, तेव्हा खरा गुन्हेगार कोण, हे स्पष्ट झाले. ते सर्व मृत्यू टाळता येण्याजोगे होते. आवरण व उष्णतारोधक द्रव्य बनवणाऱ्या कंपन्यांनी पद्धतशीर अप्रामाणिकपणा केला होता, आणि सरकारे वर्षानुवर्षे धोक्याच्या सूचना कानाआड करीत आली होती, असा या अहवालाचा निष्कर्ष आहे. म्हणजे जळाला तो विश्वास. चाचणीचा कागद खोटा असेल आणि तपासनीस झोपलेला असेल, तर काँक्रीटचे घरही चितेसारखे पेटते. कागद खरा आणि तपासनीस जागा असेल, तर लाकडाचे घरही निर्धास्त झोप देते. सरसकट बंदी घालणे राज्यकर्त्यांना सोपे जाते. अवघड असते ते रोजची तपासणी चोख ठेवणे.

असे अवघड काम करता येते, हे इतरांनी दाखवले आहे. व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात २०१७ साली ‘ब्रॉक कॉमन्स’ हे १८ मजल्यांचे, चारशेहून अधिक विद्यार्थ्यांचे वसतिगृह सुरू झाले. त्याचे जिन्यांचे दोन मनोरे काँक्रीटचे असून वरच्या मजल्यांचे लाकूड जिप्समच्या अनेक थरांनी झाकलेले आहे. नॉर्वेतील ब्रुमुंडाल गावी २०१९ मध्ये ८५ मीटर उंचीचा ‘म्योसतॉर्नेट’ हा लाकडी मनोरा पूर्ण झाला. अमेरिकेच्या आदर्श बांधकाम संहितेच्या २०२१ च्या आवृत्तीने तर पायऱ्याच आखून दिल्या: लाकूड पूर्णपणे झाकले तर १८ मजले, काही भाग उघडा ठेवला तर १२, आणि बराचसा उघडा ठेवला तर ९. पाणी फवारणारी यंत्रणा सर्वांनाच सक्तीची. जितकी मोकळीक, तितकी बंधने, असा हा व्यवहार आहे. भीती आणि भाबडेपणा या दोहोंच्या मधला हा मार्ग लंडननेही आज ना उद्या धरावा, असे आम्हांस वाटते.

झाड कोणाचे, रान कोणाचे

आता राहिलेल्या अर्ध्या सत्याकडे वळू. लाकडाच्या घरात कार्बन साठतो हे खरे, पण तोडलेल्या झाडाच्या जागी दुसरे झाड वाढले तरच. तसे न झाले, तर ते घर म्हणजे रानाची उचललेली आणि न फेडलेली उचल होय. ऑस्ट्रियाला हे तंत्र साधले, ते तेथे केवळ हुशार अभियंते होते म्हणून नव्हे. त्या देशाची जवळजवळ निम्मी भूमी वनाखाली आहे. तेथे १८५२ पासून वनकायदा आहे, आणि १९७५ च्या कायद्यानुसार तोड झालेल्या वनात पुन्हा वन उभे करणे हे मालकाचे कर्तव्य आहे. सव्वाशे-दीडशे वर्षांच्या या शिस्तीचे फळ म्हणजे मरे ग्रोव्हच्या भिंती. तरीही एकाच जातीच्या वृक्षांची रांगेने लागवड करण्याचे प्रायश्चित्त मध्य युरोप आज भोगत आहे. वाढता उन्हाळा आणि अवर्षण यांनी दुबळ्या झालेल्या स्प्रूसच्या वनांवर सालीतले भुंगेरे तुटून पडले, आणि २०१८ नंतरच्या काही वर्षांत चेक देशाची विस्तीर्ण वने त्यांनी उभीच्या उभी वाळवली. लागवड म्हणजे वन नव्हे, हा धडा तेथे महाग पडला.

इंग्लंडची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. ब्रिटनच्या भूमीपैकी जेमतेम तेरा टक्के वनाखाली आहे आणि त्याला लागणारे बहुतेक लाकूड बाहेरून येते. हे आजचे नव्हे. त्याच्या आरमाराचे लाकूडही बाहेरूनच येई, आणि त्यातले काही आपल्याच किनाऱ्यावरून गेले. जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी मुंबईच्या गोदीत १८१७ साली बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे मलबारी सागवानाचे जहाज आज इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे पाण्यावर तरंगते आहे. त्या सागवानासाठी १८०६ साली कॅप्टन वॉटसन यांना मलबारात वनरक्षक नेमण्यात आले. नाव रक्षकाचे, काम मक्तेदारीचे! जमीनदार व व्यापारी यांच्या तक्रारी इतक्या वाढल्या, की १८२३ मध्ये ते पदच रद्द करावे लागले. पोर्तुगीजांनीही वेगळे काही केले नाही. ‘दों फेर्नांदु’ हे त्यांचे नामांकित लढाऊ गलबत १८४३ साली दमणमध्ये, नगरहवेलीच्या सागवानातून बांधले गेले. १९६३ साली ते आगीत जळाले, डागडुजी होऊन १९९८ मध्ये पुन्हा उभे राहिले आणि आज लिस्बनसमोरच्या तीरावर पाहुण्यांना दाखवले जाते. आपल्या सुतारांच्या कसबाची ती साक्ष आहे, आणि त्याचा आम्हांला अभिमान आहे. पण जहाज परतीराला जपले गेले आणि तोडलेल्या रानाचा हिशेब मात्र कोणी ठेवला नाही, हेही विसरता येत नाही. दूरच्या शहराला सुंदर लाकूड मिळते तेव्हा ते कोणाच्या डोंगरावरून उतरले, हा प्रश्न विचारण्याची सवय आपल्यासारख्या लोकांनी तरी सोडू नये.

आपण काय घ्यावे

म्हणून हे तंत्र जसेच्या तसे आपल्या किनाऱ्यावर आणावे, असे आम्ही सुचवणार नाही. आमच्याकडे वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, हवेत बारा महिने दमटपणा, आणि जमिनीत वाळवीचे राज्य. थरजोड लाकडाचा खरा वैरी आगीपेक्षाही मुरलेले पाणी हा आहे. आमच्या पूर्वजांना हे ठाऊक होते. म्हणून त्यांनी भिंती चिऱ्याच्या केल्या, जोते उंच ठेवले, लाकूड छपरात आणि माळ्यावर वारा लागेल असे बसवले आणि पागोळ्या भिंतीपासून दूर पडतील इतके छप्पर पुढे काढले. ते शहाणपण सोडून आपण काँक्रीटच्या मागे लागलो. त्या काँक्रीटातल्या सळया खाऱ्या हवेने गंजतात, त्याची वाळू नद्यांचे पात्र खरवडून येते आणि त्याच्यासाठी डोंगर कापले जातात. काँक्रीट निर्दोष आहे, अशी समजूत करून घेण्याचे काहीच कारण नाही.

केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने १९९३ साली सरकारी इमारतींत लाकूड वापरण्यावर घातलेली बंदी २०२० मध्ये उठवली. बंदी घालताना हेतू वने वाचवण्याचा होता. लाकडाची जागा मग सिमेंट, पोलाद, ॲल्युमिनियम यांनी घेतली, आणि त्यांच्यासाठी लागणारी खनिजे पुष्कळदा रानाखालूनच निघतात, हे गोमंतकीयांना कोणी सांगावयास नको. आता दार उघडले आहे, तर त्यातून कोणते लाकूड आत येणार, हे पाहणे आपले काम आहे. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने उद्योगाला लागणारे लाकूड शेतकऱ्यांच्या सहकार्याने लागवडीतून उभे करावे, असे म्हटले आहे. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेने व बंगळूरच्या काष्ठविज्ञान संस्थेने रबर, अकेशिया, बांबू यांसारख्या, आपल्याकडे वाढणाऱ्या लागवडींपासून थर जोडून, आपल्या पावसात, आपल्या वाळवीपुढे आणि आपल्या अग्निशमन दलाच्या डोळ्यांदेखत त्यांची परीक्षा घ्यावी. प्रथम शाळेची एखादी दुमजली इमारत, मग वसतिगृह, मग चार मजली वसाहत, अशा पायऱ्यांनी जावे. हे काम आठदहा वर्षांचे आहे, आणि तेवढा धीर आपल्याकडे हवा.

पण परीक्षा लाकडाची होण्याआधी आपली होईल. लागवडीच्या नावाखाली सह्याद्रीतले नैसर्गिक रान तोडले जाणार नाही, याची हमी कायद्याच्या कलमात लिहिलेली हवी. कोणते झाड कोठून आले, याची नोंद कोणाही नागरिकाला पाहता आली पाहिजे. अग्निशमनाचा दाखला देणाऱ्या अधिकाऱ्याने इमारतीचा जिना स्वतः चढून पाहिलेला असावा, आणि खोट्या चाचणीच्या कागदावर सही करणाऱ्याला तुरुंग दिसावा. या चार गोष्टी जमल्या, तर घर लाकडाचे बांधावे की चिऱ्याचे, हे अभियंत्यांवर सोपवून आपण निश्चिंत होऊ. त्या जमल्या नाहीत, तर ग्रेनफेलच्या रहिवाशांना काँक्रीट वाचवू शकले नाही, त्याचप्रमाणे आम्हांलाही कोणतीच भिंत वाचवणार नाही.